बारा बोटांचा पुतळा

पत्र (थोडं आखडून घेतलं आहे):

"आदरणीय काका, सप्रेम जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत दर बुधवारी दुपारी बायकांचा शास्त्राभ्यास असतो, सहा वर्षं झाली तो मीच घेते. सध्या बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक चालू आहे. दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाला स्वप्नात दिसलेला पुतळा मी कार्डशीटवर काढून नेला होता. सोन्याचं डोकं बाबेल, रुप्याची छाती मेद-पारस (मीडिया आणि पर्शिया), पितळेचं पोट ग्रीस, लोखंडाचे पाय रोम. सगळ्यांना फार आवडला. आता सातवा अध्याय आला. दानीएलाला स्वप्नात दिसलेले सिंह, अस्वल, चित्ता आणि ते चौथं भयंकर श्वापद. मी म्हटलं, हीच चार राज्यं पुन्हा. तर एक आजी म्हणाल्या, 'अगं, देवाला एकच गोष्ट सांगायची होती, तर एकदा पुतळा आणि एकदा जनावरं कशाला?' मला काही सुचलं नाही. त्यात भाचा सुट्टीला आलाय, तो सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या शाळेत) शिकतो. तो म्हणतो, 'मावशी, चौथं राज्य रोम नाही, ग्रीस. तुझा तक्ताच चुकलाय.' इकडे दीर रोज व्हिडिओ पाठवतात की पुतळ्याची दहा बोटं म्हणजे युरोपातले दहा देश. पाळकसाहेब म्हणतात, त्यात शिरूच नका. येत्या बुधवारी मी काय सांगू?
— तक्ता गुंडाळून ठेवलेली"

ताई, जय ख्रिस्त.

तक्ता गुंडाळलात ते ठीक, पण फेकू नका. माझ्याही ट्रंकेत असा एक तक्ता आहे. १९८३ साली मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं ठाऊक होतं. मांजरपाटाचं दोन वार कापड आणून त्यावर ऑइलपेंटने पुतळा रंगवला आणि पायाच्या एकेका बोटाखाली युरोपातल्या एकेका देशाचं नाव लिहिलं. तेव्हा तिकडच्या आर्थिक समुदायात बरोब्बर दहा देश होते. १९८१ च्या जानेवारीत ग्रीस दहावा म्हणून आत आला होता. दहा बोटं, दहा देश, झालं! तीन वर्षं तो तक्ता मी गावोगावच्या शब्बाथ शाळांतून फिरवला. १९८६ उजाडलं आणि स्पेन अन् पोर्तुगाल आत आले. एका पोराने भर वर्गात विचारलं, "सर, आता पायाला बारा बोटं काढायची का?"

पोरगं चेष्टा करत नव्हतं, खरंच विचारत होतं. त्या रात्री मी दुसरा अध्याय ओळीओळीवर बोट ठेवून वाचला. तुम्हीही वाचून पाहा. एकेचाळीस आणि बेचाळीस या ओव्यांत पावलं आहेत, पायांची बोटं आहेत, लोखंड आहे, माती आहे. 'दहा' हा आकडा कुठेच नाही. माणसाच्या पायाला दहा बोटं असतात म्हणून तो आपण मनाने घातलेला असतो. आणि आपल्या मनात तो कुठून आला? सातव्या अध्यायातून. तिथल्या चौथ्या श्वापदाला दहा शिंगं आहेत, ती मात्र शास्त्राने मोजून सांगितली आहेत. शिंगांचा आकडा आपण बोटांना उसना दिला आणि मग बोटं मोजत बसलो.

जोडीचे दृष्टान्त वाचताना माणूस फसतो तो इथे. एकातलं दुसऱ्यात कधी सांडलं ते कळत नाही. दिरांच्या व्हिडिओंबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे, त्यांच्यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

आता तुमचं मूळ म्हणणं. दुसरा आणि सातवा अध्याय ही जोडी आहे का? आहे, आणि त्यात तुमची काही चूक नाही. दानीएलाचं पुस्तक दोन भाषांत आहे. सुरुवात इब्रीत (हिब्रूत) होते, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत खास्दी ज्योतिषी राजाशी बोलू लागतात तिथे अरामी सुरू होते आणि ती थेट सातव्याच्या शेवटापर्यंत चालते. आठव्यापासून पुन्हा इब्री. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांतही भाषेचे हे सांधे असेच आहेत. आता ते अरामी सहा अध्याय मांडून बघा. तिसऱ्यात तिघे जण आगीच्या भट्टीतून वाचतात, सहाव्यात दानीएल सिंहांच्या गुहेतून. चौथ्यात एक गर्विष्ठ राजा खाली येतो, पाचव्यात दुसरा. आणि दोन टोकांना दुसरा आणि सातवा, दोन्हीकडे चार राज्यं, दोन्हीच्या शेवटी कधीही न मोडणारं राज्य. साडीची घडी घातली की काठावर काठ बसतो, तसं आहे हे. विणणाऱ्याने मुद्दाम विणलेलं आहे.

शिवाय शास्त्रात याची जुनी वहिवाट आहे. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो याला एका रात्री दोन स्वप्नं पडली. सात गाई सात गाईंना खातात, मग सात कणसं सात कणसांना गिळतात. योसेफ म्हणाला, महाराज, स्वप्न एकच आहे; दोनदा पडलं कारण देवाने गोष्ट पक्की ठरवली आहे. उत्पत्तीचा एकेचाळिसावा अध्याय. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे, पण अर्धंच. फारोची दोन्ही स्वप्नं एकाच माणसाला एकाच रात्री पडली. इथे तसं नाही. पहिलं स्वप्न पडलं बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला, त्याच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षी. दुसरं पडलं दानीएलाला, बाबेलवर नंतर राज्य करणाऱ्या बेलशस्सराच्या पहिल्या वर्षी. मधे सुमारे पन्नास वर्षं गेली. पहिल्या स्वप्नाच्या वेळी दानीएल हा पकडून आणलेला पोरगा होता, दुसऱ्याच्या वेळी केस पिकलेला माणूस. दोन डोळ्यांनी पाहिलेली एकच वस्तू आहे ती.

राजाला आपलं आणि आपल्यामागच्यांचं राज्य कसं दिसलं? भव्य, चकाकणारं, माणसाच्या आकाराचं, डोक्याला सोनं. राजाला राज्य पुतळ्यासारखंच दिसायचं. लगेच पुढच्या अध्यायात तो काय करतो पाहा. साठ हात उंच आणि सहा हात रुंद मूर्ती उभी करतो, ती सगळी सोन्याची. तू फक्त डोकं आहेस, तुझ्यानंतर रुपं येणार, हे ऐकलेल्या माणसाने नखशिखांत सोनं ओतलं. त्याने उत्तरच दिलं म्हणायचं.

आणि त्या राज्याखाली जगलेल्याला, ज्याचं गाव जळलं, मंदिर लुटलं, नावसुद्धा बदलून बेल्टशस्सर केलं, त्याला तीच राज्यं कशी दिसली? समुद्रातून एकामागून एक वर येणारी जनावरं. एकाच्या तोंडात फासळ्या, एकाचे दात लोखंडाचे, उरलंसुरलं पायाखाली तुडवणारं. लोखंड दोन्ही स्वप्नांत आहे, पण पुतळ्यात ते बळकटीचं लोखंड आहे आणि इथे चावण्याचं. आजींना हेच सांगा. एकच दरबार गादीवरून वेगळा दिसतो आणि दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्याला वेगळा. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून माझी रीत अशी आहे की दोन दृष्टान्त एकावर एक ठेवले की जे जुळतं त्यावर पाच मिनिटं द्यायची आणि जे जुळत नाही त्यावर अर्धा तास. पुतळ्याच्या स्वप्नात नसलेलं सातव्यात काय आहे? न्यायसभा आहे. आसनं मांडली जातात, पुराणपुरुष बसतो, पुस्तकं उघडतात. (आपल्या मराठी शास्त्रातला हा 'पुराणपुरुष' शब्द मला फार आवडतो. गीतेतली भाषा कानावर असलेल्या माणसालाही तो परका वाटत नाही.) मानवपुत्रासारखा कोणी मेघांसह येतो. पवित्र जनांचा छळ आहे. यातलं काहीही राजाच्या स्वप्नात नाही. त्याला फक्त एक धोंडा दिसला, कुणाचाही हात न लागता सुटलेला. वरून पाहणाऱ्याला शेवट म्हणजे अपघात वाटतो, खाली भोगणाऱ्याला तो निकाल वाटतो.

आणखी एक जागा दाखवतो, ती मला फार उशिरा दिसली. दुसऱ्या अध्यायाची पस्तिसावी ओवी. धोंडा आपटतो पावलांवर, पण चूर काय काय होतं? लोखंड, माती, पितळ, रुपं आणि सोनं, सगळं एकदम, उन्हाळ्यातल्या खळ्यावरच्या भुसासारखं. आता तुमच्या तक्त्याप्रमाणे सोनं म्हणजे बाबेल ना? ते तर इ.स.पू. ५३९ मध्ये पारसचा राजा कोरेश (सायरस) याच्या हाती गेलं. मग शेवटच्या दिवशी ते चूर व्हायला उरलं कसं? उरलं, कारण पुतळा एकच आहे. राज्यं बदलली तरी धड तेच. सातव्यातही असंच आहे. बाराव्या ओवीत चौथं श्वापद मारलं गेल्यावर बाकीच्या तिघांचं प्रभुत्व काढून घेतलं जातं, पण काही काळ त्यांना जगू दिलं जातं. सिंह अजून आहेच! पुढे शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, योहानाच्या प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात, समुद्रातून श्वापद येतं ते एकटंच. अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, शिंगं दहा. डोकी सात. दानीएलाच्या चौघांची डोकी मोजा: सिंहाचं एक, अस्वलाचं एक, चित्त्याची चार, चौथ्याचं एक. योहानाने चारही जनावरं एकाच कातड्यात शिवून टाकली. तेव्हा ही राज्यं नुसती आगगाडीच्या स्टेशनांसारखी एकामागे एक लावू नका. बाबेल गेलं आणि विषय संपला, असं खुद्द शास्त्रालाच वाटत नाही.

आता चौथं राज्य. भाचा आणि तुम्ही, दोघांनाही थोडं थोडं ऐकून घ्यावं लागेल.

पाटीवर दोन रंग ठेवा. शास्त्राने ज्याचं नाव घेतलं ते शाईने लिहा, आपण जे जोडलं ते पेन्सिलीने. शाईने काय लिहिता येईल? सोन्याचं डोकं नबुखद्नेस्सर, कारण दानीएल त्याच्या तोंडावर सांगतो. आठव्या अध्यायातला दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेद आणि पारस यांचे राजे, आणि बोकड म्हणजे ग्रीसचा राजा, हे गब्रीएल देवदूत सांगतो. संपली शाई. सातव्यात एकाही जनावराला नाव दिलेलं नाही. तिथे देवदूत एवढंच म्हणतो की चार श्वापदं म्हणजे चार राजे.

पेन्सिलही वाटेल तशी चालवायची नसते, ओढण्याला कारण लागतं. सिंहाचंच घ्या. त्याचे गरुडाचे पंख उपटले जातात, त्याला माणसासारखं दोन पायांवर उभं करतात आणि माणसाचं हृदय देतात. हे वाचताना चौथा अध्याय आठवला पाहिजे. तिथे नबुखद्नेस्सराला पशूचं हृदय दिलं जातं, तो बैलासारखं गवत खातो, त्याचे केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात. तिथे माणसाचा पशू झाला, इथे पशूचा माणूस. हा धागा इतका जाड आहे की सिंह म्हणजे बाबेल, ही पेन्सिल मी जवळजवळ शाईइतकी दाबून लिहितो.

पुढे मात्र दोन वाटा फुटतात. तुमची वाट जुनी आणि मोठी. तिसऱ्या शतकातला हिप्पोलितस आणि पाचव्यातला जेरोम, या दोघा जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांनी चौथं राज्य रोमच मानलं. त्यांच्या बाजूचे पुरावे लंगडे नाहीत. एका कुशीवर उचललेलं अस्वल आणि एक शिंग जास्त उंच असलेला मेंढा, दोन्हीत एक बाजू वरचढ, म्हणजे मेद-पारसात पारस भारी. चार डोक्यांचा चित्ता आणि ज्याचं मोठं शिंग मोडून चार उगवतात तो बोकड, दोन्ही वेगवान, दोन्हीत चार, अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये मेल्यावर त्याचं राज्य सेनापतींनी वाटून घेतलंच. म्हणजे चित्ता ग्रीस, आणि चौथं त्याच्या पुढचं. शिवाय पाचव्या अध्यायात भिंतीवर उमटलेल्या अक्षरांचा अर्थ बेलशस्सराला सांगताना दानीएल म्हणतो, राज्य मेद व पारसी यांना दिलं आहे. दोघांचं नाव एका दमात.

भाच्याची वाटही आजची नाही. सिरियाक भाषा वापरणाऱ्या पूर्वेकडच्या जुन्या मंडळीतल्या भाष्यकारांनी चौथं राज्य ग्रीकच धरलं होतं. बाबेल, मेद, पारस, ग्रीस. त्यांचा भर कशावर? बेलशस्सरानंतर पुस्तकात आधी मेदी दारयावेश राज्य घेतो, मग पारसी कोरेश. म्हणजे लिहिणाऱ्याने दोघांना वेगळं मोजलंय. दुसऱ्यातली लोखंड-मातीची सोयरीक, जी टिकत नाही, ती ग्रीक राजघराण्यांच्या लग्नांशी जुळते. इ.स.पू. २५२ च्या सुमारास मिसरच्या टॉलेमीने आपली लेक बेरेनीकी सिरियाच्या राजाला दिली, आणि काही वर्षांत ती पोरासकट मारली गेली. अकराव्या अध्यायाच्या सहाव्या ओवीत दक्षिणेच्या राजाची कन्या येते, ती हीच. आणि मोठा पुरावा लहान शिंगाचा. आठव्यात ते ग्रीक बोकडाच्या डोक्यावर उगवतं आणि नित्याचा यज्ञ बंद पाडतं. हा सिरियाचा ग्रीक राजा अंतियोखस एपिफानेस, याबद्दल दोन्ही वाटांचे बहुतेक लोक एकमत आहेत, इ.स.पू. १६७ मध्ये त्याने यरुशलेमचं मंदिर विटाळलं, १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झालं. मग सातव्यातलं बढाया मारणारं लहान शिंग तेच का वेगळं? तेच असेल तर चौथं श्वापद ग्रीस. वेगळं असेल तर रोम. सगळं भांडण या एका शिंगावर आहे, ताई. सातव्यात ते दहांमधून येतं आणि तीन उपटतं, आठव्यात ते चारांपैकी एकातून फुटतं. मुदतीही वेगळ्या, एकीकडे साडेतीन काळ, दुसरीकडे तेवीसशे संध्याकाळ-सकाळ. (त्या तेवीसशेंची वर्षं करून अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची तारीख धरली होती. लोक रात्रभर वाट पाहत बसले आणि सकाळी रडले.)

माझा कल विचाराल तर, पुस्तकाची नजर आधी अंतियोखसावर आहे असं मला वाटतं, म्हणजे इथे मी भाच्याच्या जवळ आहे. पण रोमवाल्यांनी चूक केली असंही मी म्हणत नाही. इ.स. ७० मध्ये रोमने मंदिर पाडल्यावर काही वर्षांनी एज्राच्या नावाने लिहिलेला एक यहुदी ग्रंथ आहे. त्यात समुद्रातून गरुड वर येतो आणि देवदूत एज्राला सांगतो, तुझा भाऊ दानीएल याला दिसलेलं चौथं राज्य ते हेच, पण मी आता तुला उलगडून सांगतोय तसं त्याला उलगडलं नव्हतं. किती प्रामाणिक वाक्य! जुना अर्थ आम्हाला ठाऊक आहे, आज तेच जनावर आमच्या दारात उभं आहे, म्हणून आम्ही पुन्हा वाचतो. प्रभूनेही मत्तयाच्या चोविसाव्यात दानीएलाचा 'ओसाड करणारा अमंगळ पदार्थ' पुढे व्हायची गोष्ट म्हणून सांगितला, अंतियोखस मरून जवळजवळ दोनशे वर्षं झाली असताना.

भाच्याने 'तक्ताच चुकलाय' म्हणायला नको होतं. मावशीशी बोलतोय, परीक्षेचा पेपर तपासत नाहीये. त्याला बुधवारी सोबत न्या आणि आठवा अध्याय त्याच्याकडे सोपवा. तिथे शाई आहे, त्याला बोलू दे. सातवा मात्र तुम्हीच घ्या.

पाळकसाहेबांचं म्हणणं मी समजू शकतो, अशा वादात मंडळ्या फुटलेल्या त्यांनी पाहिल्या असतील. त्यांना सांगा, तारखा काढणार नाही, देशांची नावं घेणार नाही. जमलं तर शेवटच्या प्रार्थनेला त्यांनाच बोलवा.

आणि बुधवारी सुरुवात तक्त्याने करू नका. आधी आजींना दुसऱ्याची पस्तिसावी ओवी मोठ्याने वाचायला सांगा आणि दुसऱ्या कुणाला सातव्याची बारावी. मग विचारा, सोनं अजून तिथे कसं? पंधरा मिनिटं बायकाच बोलतील. त्यानंतर सातव्याची शेवटची ओवी वाचा. एवढं सगळं पाहून दानीएलाने काय केलं? त्याच्या मनात खळबळ उडाली, चेहऱ्याचा रंग उतरला, आणि गोष्ट त्याने मनात ठेवली. आठव्याच्या शेवटी तर तो कित्येक दिवस आजारी पडला आणि मग उठून राजाच्या कामाला लागला.

तक्ता त्यानंतर उलगडा. मार्करने लिहिलेली नावं खोडली जाणार नाहीत, त्यांच्यावर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि पेन्सिलीने पुन्हा लिहा. मी मांजरपाटावर ठिगळ लावलं होतं, पण ते पहिल्याच धुण्यात सुटलं.

तुमचा,
काका